सुपरहिरो चित्रपटांचा मागोवा घेणारा मराठी पॉडकास्ट: भाग कसे निवडावेत, क्लिप किती वापरावी, आवाज कसा सांभाळावा?

अनुजा_ठाणे

लोकहो, सुपरहिरो चित्रपटांचा मागोवा घेणारा मराठी पॉडकास्ट सुरू करायचा घाट घातला आहे. आराखडा असा: दहा भाग, प्रत्येकी ४५ ते ५० मिनिटं, दोन निवेदक एकाच खोलीत समोरासमोर, दोन-तीन भागांत एक पाहुणा ऑनलाइन. सुरुवात १९७८च्या 'सुपरमॅन'पासून. फक्त ध्वनी, व्हिडिओ नाही.

हाताशी दोन यूएसबी कंडेन्सर माइक, एक विंडोज लॅपटॉप आणि ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर). खोली १० बाय १२ फूट, उघडी फरशी, एक खिडकी रस्त्याकडे.

अडलेले प्रश्न:
१. शेकड्यातून दहा भाग निवडायचे कसे? सालवार जायचं की विषयवार?
२. चित्रपटातले संवाद किंवा संगीत किती सेकंद वापरलं तर चालतं?
३. वरच्या सामानात नीट रेकॉर्डिंग होईल का? नसेल तर काय बदलायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'मनापासून बोला, लोक ऐकतील' छापाचे सल्ले कृपया नकोत.

---

रीळमास्तर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

यादी करण्याआधी एक चाळणी लावा: या चित्रपटामुळे पुढचे चित्रपट बनवायची रीत बदलली का? उत्तर 'नाही' असेल तर चित्रपट कितीही लाडका असो, त्याला स्वतंत्र भाग नाही. आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न द्या. '१९७८चा सुपरमॅन' हा विषय झाला. 'माणूस उडताना खरा वाटला पाहिजे, हे संगणक हाताशी नसताना कसं जमवलं?' हा भाग झाला.

या पहिल्या भागात सांगण्यासारखं इतकं आहे की ५० मिनिटं कमी पडतील. अडचण पोशाखापासूनच सुरू होते. त्या काळी पात्र वेगळं काढून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवायला निळा पडदा वापरत, आणि सुपरमॅनचा पोशाख निळा. पडद्याबरोबर हिरोही गायब व्हायचा. म्हणून अशा शॉटसाठी पोशाख किंचित हिरवट निळ्याकडे झुकवला होता. उरलेल्या उड्डाणांसाठी फ्रंट प्रोजेक्शन. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, बाजूच्या प्रोजेक्टरमधून पार्श्वभूमी त्या आरशावर, तिथून नटावर आणि मागच्या पडद्यावर. पडदा बारीक काचमण्यांच्या परावर्तक कापडाचा, त्यामुळे प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो आणि कॅमेऱ्याला तो झगझगीत दिसतो. नटाच्या अंगावरची प्रतिमा तुलनेने इतकी फिकी की ती कळतच नाही.

या चित्रपटाच्या उड्डाणदृश्यांचे तंत्रज्ञ झोरान पेरिसिक यांची करामत याच्या पुढची. त्यांनी प्रोजेक्टर आणि कॅमेरा, दोन्हींना झूम लेन्स लावली आणि दोन्ही झूम एकमेकींना बांधून टाकल्या. प्रोजेक्टरने प्रतिमा लहान केली की कॅमेरा तेवढाच आत जातो, म्हणजे पार्श्वभूमी फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहते. नट मात्र मोठा होत जातो. तो जागचा हललेलाही नसतो, पण अंगावर उडत आल्यासारखा दिसतो. हे सांगताना घाई करू नका. आधी आरसा, मग पडदा, मग झूम. क्रम चुकला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

बाकीचे भाग माझ्या मते असे:

१९८९चा 'बॅटमॅन'. अँटन फर्स्ट यांनी पाइनवूडला उभारलेलं गॉथम, त्याला मिळालेलं कला दिग्दर्शनाचं ऑस्कर, आणि नुसत्या वटवाघळाच्या चिन्हावर केलेली जाहिरात. पण मी सल्ला देईन की हा भाग मानेवर करा. मायकल कीटनचा रबरी मुखवटा खांद्यापर्यंत एकसंध होता. मान वळतच नव्हती, म्हणून तो बाजूला बघताना अख्खा देह वळवतो. हीच अडचण त्या पात्राची ढब होऊन बसली. २००८च्या 'द डार्क नाइट'मध्ये मुखवटा आणि गळा वेगळे केले, आणि ब्रूस वेन (म्हणजे बॅटमॅनच) त्याची साधनं पुरवणाऱ्या लुशियस फॉक्सकडे मान वळवता यायला हवी अशी मागणी करतो ते थेट संवादातच आहे. दोन चित्रपट, मधे १९ वर्षं, आणि धागा एक. भाग आपोआप विणला जातो.

१९९७चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' आणि १९९८चा 'ब्लेड' एकत्र घ्या. एक खेळणी विकण्यासाठी रचलेला, १२.५ कोटी डॉलरचा आणि सगळ्यांनी झोडलेला. दुसरा साधारण ४.५ कोटींत, प्रौढांसाठी, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या पात्रावर, आणि जगभरात १३ कोटींच्या आसपास कमावणारा. मार्व्हल या कॉमिक कंपनीच्या पात्रांवर पैसा मिळतो हे आधी 'ब्लेड'ने दाखवलं. हे श्रेय बहुतेक पॉडकास्ट २०००च्या 'एक्स-मेन'ला देऊन मोकळे होतात.

२००२चा 'स्पायडर-मॅन': सुरुवातीच्या तीन दिवसांत १० कोटी डॉलर ओलांडणारा पहिला चित्रपट (११.४८ कोटी). जुळ्या मनोऱ्यांमधल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकतं तो टीझर ११ सप्टेंबर २००१ नंतर मागे घेतला गेला. कॅन्टीनमधला ट्रे झेलण्याचा प्रसंग संगणकाने केलेला नाही, दीडशेहून जास्त टेक घेऊन खरोखर चित्रित केला आहे.

२००८ला दोन भाग लागतील, 'आयर्न मॅन' आणि 'द डार्क नाइट'. एकात कोंबू नका. २०१२चा 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि २०१९चा 'एंडगेम' हे मात्र एकाच भागात उरकता येतात. तिथे प्रश्न एकच: इतक्या चित्रपटांचा एक धागा शेवटपर्यंत कसा सांभाळला?

२०१८चा 'इनटू द स्पायडर-व्हर्स' सोडू नका. नवा स्पायडर-मॅन माइल्स नवखा असताना त्याच्या हालचालीची चित्रं सेकंदाला १२, शेजारी उडणाऱ्या मुरलेल्या स्पायडर-मॅनची, पीटरची २४. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये एक जण अडखळत आणि एक सराईत दिसतो. माइल्सला जमायला लागल्यावर तोही २४वर येतो.

सालवारच जा. विषयवार गेलात तर प्रत्येक भागात मागचे संदर्भ नव्याने समजावत बसाल.

---

हिशेबनीस

रीळमास्तरांशी सहमत, पण एक भाग निव्वळ हक्क आणि पैशाचा ठेवा आणि तो २००८च्या आधी टाका. तो नसेल तर 'स्पायडर-मॅन अ‍ॅव्हेंजर्समध्ये इतक्या उशिरा का आला?' याचं उत्तर प्रत्येक भागात द्यावं लागेल.

सांगाडा देतो. मार्व्हलने डिसेंबर १९९६मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९८मध्ये टॉय बिझ या खेळणी कंपनीशी विलीनीकरण झालं. नव्वदच्या दशकात पात्रांचे चित्रपट-हक्क निरनिराळ्या स्टुडिओंकडे गेले: एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. २००५मध्ये मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरची कर्जसोय घेतली, तारण म्हणून दहा पात्रांचे चित्रपट-हक्क. गंमत म्हणजे त्या दहांत आयर्न मॅन नव्हता. त्याचे हक्क तेव्हा न्यू लाइन या स्टुडिओकडून परतीच्या वाटेवर होते. २००९मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरला मार्व्हल विकत घेतली. २०१५मध्ये सोनीशी समझोता झाला, म्हणून २०१६च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये स्पायडर-मॅन दिसला. मार्च २०१९मध्ये फॉक्सच डिस्नेकडे आलं आणि एक्स-मेन घरी परतले.

हमखास होणाऱ्या चुका:

'डिस्नेने आयर्न मॅन काढला' हे वाक्य फार ऐकू येतं. २००८चा 'आयर्न मॅन' मार्व्हलने स्वतः काढला, वितरण पॅरामाउंटचं. डिस्ने नंतर आली.

मिलियनचे कोटी करताना शून्य हरवतं. १० मिलियन म्हणजे १ कोटी, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. बोलताना आयत्या वेळी गुणाकार करू नका. टिपणातच कोटीत लिहून ठेवा आणि संपूर्ण मालिकेत एकच एकक ठेवा. रुपयात सांगायचंच असेल तर त्या वर्षीचा दर लावा. २००२मध्ये डॉलर ४८-४९ रुपयांच्या आसपास होता, २०१९मध्ये ७०च्या. आजच्या दराने २००२चा गल्ला सांगितला तर आकडा फुगतो.

तिकीटखिडकीची कमाई वजा निर्मितीखर्च म्हणजे नफा नव्हे. थिएटरांचा वाटा साधारण निम्मा जातो आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. म्हणून खर्चाच्या दोन ते अडीच पट कमाई झाल्याशिवाय 'चालला' म्हणायचं नाही, असा ढोबळ संकेत आहे. भारतातल्या आकड्यांत आणखी एक मेख: ग्रॉस आणि नेट. कर वजा करून उरतं ते नेट. एका चित्रपटाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवून तुलना झाली की ऐकणारे कमेंटमध्ये सालटं काढतात, आणि बरोबरच करतात.

---

गोधडी_स्टुडिओ

तिसरा प्रश्न. जरा लांबेल.

दोष माइकांत कमी, जोडणीत जास्त. ऑडॅसिटी एका वेळी एकाच इनपुट उपकरणातून रेकॉर्ड करते. विंडोजवर दोन यूएसबी माइक एकत्र करणारी जुगाडं आहेत, पण प्रत्येक यूएसबी माइकचं आवाजाचे नमुने मोजणारं आतलं घड्याळ वेगळं असतं. दोन घड्याळांत दहा लाखांत ४० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१४ सेकंदाची तफावत पडते. सुरुवातीला काही जाणवणार नाही. चाळिसाव्या मिनिटाला मात्र एकाच्या माइकमध्ये झिरपलेला दुसऱ्याचा आवाज प्रतिध्वनीसारखा ऐकू येऊ लागेल.

खरा उपाय: दोन एक्सएलआर (यूएसबीऐवजी तीन पिनांच्या केबलचे) डायनॅमिक माइक आणि दोन इनपुटांचा एक ऑडिओ इंटरफेस (माइकांचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी पेटी). एकच घड्याळ, दोन स्वतंत्र ट्रॅक. यूएसबी माइक विकून ही अदलाबदल होत असेल तर आधी तीच करा. उघड्या फरशीच्या, रस्त्याकडच्या खोलीत कंडेन्सर माइक रिक्षाचा हॉर्नही मन लावून ऐकतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरायचा असतो, म्हणून त्याची पातळी कमी ठेवता येते आणि खोली आपोआप मागे जाते.

आहे त्यातच भागवायचं असेल तर दुसरा लॅपटॉप आणा, प्रत्येकाचं रेकॉर्डिंग स्वतंत्र करा, आणि सुरुवातीला व शेवटी दोघांना ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा. संपादनात पहिली टाळी जुळवायची. शेवटची टाळी जितकी सरकली असेल तितका एक ट्रॅक ताणायचा किंवा आखडायचा. ऑडॅसिटीत चेंज टेम्पो आहे, चेंज स्पीड आहे. इथे स्पीड वापरा. फरक इतका सूक्ष्म असतो की स्वर बदललेला कळत नाही.

बैठक: तोंड ते माइक १० ते १५ सेंटिमीटर. दोन माइकांतलं अंतर याच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या वर. समोरासमोर बसा. कार्डिऑइड माइकची पाठ बहिरी असते, ती समोरच्याकडे यायला हवी. शेजारी-शेजारी बसलात तर हा फायदा जातो. माइक तोंडाच्या सरळ समोर न ठेवता ३० ते ४५ अंश बाजूला. मराठीत 'भ', 'फ', 'प' सारखे येतात आणि त्यांचा झोत थेट माइकच्या आतल्या पडद्यावर आदळला की धप्प आवाज येतो. 'बॅटमॅनची भूमिका' हे दोनच शब्द बोलून चाचणी घ्या. धप्प आलं तर कोन वाढवा, पॉप फिल्टर लावा.

खोली: फरशीवर सतरंजी, निवेदकांच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेल्या, खिडकीला जाड पडदा. पंखा बंद. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तरी त्याच्या कॉम्प्रेसरकडे कान द्या. लॅपटॉप चार्जरवर असताना घूं ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेकदा तेवढ्यानेच जातं. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर उपाय नाही, वेळ बदला.

पातळी: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेहमीच्या बोलण्यात शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास, हसताना उणे ६. शून्याला लागलं की तो आवाज फाटला, तो नंतर शिवता येत नाही. ५० मिनिटांना एका माइकची फाइल साधारण ४३० एमबी, तेवढी जागा ठेवा. बोलायच्या आधी ३० सेकंद सगळे गप्प बसा. खोलीचा तो रिकामा आवाज कापलेल्या जागी ठिगळ म्हणून लागतो.

संपादनाचा क्रम: आधी नको ते कापा. मग ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालची घरघर गाळणारा), मग कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ३:१, सुई ३ ते ६ डेसिबल हलेल इतपत. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), शिखर उणे १ डेसिबल. ॲपलची शिफारस हीच आहे. फाइल मोनो (एकाच ट्रॅकची) ठेवणार असाल तर ऑडॅसिटीतल्या त्या खिडकीत मोनोला ड्युअल मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज) समजण्याची खूण चालू आहे ना ते पाहा. ती बंद असताना उणे १६ दिलंत तर आवाज ३ डेसिबल जास्त चढतो. नुसत्या बोलण्याला ९६ केबीपीएस मोनो एमपी३ पुरते, ५० मिनिटांचे ३६ एमबी होतात.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारा) वापरू नका. आपल्या वाक्यांचा शेवट 'आहे', 'होतं', 'ना' असा खाली उतरत येतो. गेट नेमका तोच गिळतो आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखं वाटतं. इंग्रजी शिकवण्या पाहून सेटिंग लावणाऱ्यांचा हा नेहमीचा घोळ आहे.

ऑनलाइन पाहुण्याने कॉलसाठी लॅपटॉप वापरावा आणि स्वतःचा आवाज फोनच्या रेकॉर्डरवर वेगळा धरावा. फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून एक वीत, कानाला हेडफोन. नंतर ती फाइल मागवून टाळी जुळवायची. कॉलचं रेकॉर्डिंग फक्त राखीव.

---

कलम_बावन्न

क्लिपांबद्दल. '३० सेकंदांपर्यंत चालतं', '१० सेकंदांपर्यंत चालतं' हे सगळं ऐकीव. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यात सेकंदांचा असा कोणताही आकडा नाही. कलम ५२(१)(अ) समीक्षा आणि परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा देतं. पण ही मुभा म्हणजे वाद उभा राहिल्यावर मांडायचा बचाव आहे, आधीच हातात पडलेला परवाना नव्हे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे तुमच्या यादीतला सगळ्यात जुना चित्रपटही अजून पूर्ण संरक्षणात आहे.

व्यवहारात काय करावं:

क्लिप तेवढीच घ्या जितकीवर तुम्ही लगेच बोलणार आहात. मान वळवण्याचा तो संवाद वाजवायचा तर तेवढं एकच वाक्य, आणि त्यानंतर त्या मुखवट्यावर दोन-तीन मिनिटांचं बोलणं. वातावरणनिर्मितीसाठी मागे हळू आवाजात चित्रपट चालू ठेवणं समीक्षेत बसत नाही. क्लिपच्या आधी चित्रपटाचं नाव आणि साल तोंडाने सांगा.

संगीताला हात लावू नका. संवादापेक्षा संगीत यंत्राला फार लवकर ओळखू येतं, आणि त्याचा मालक बहुधा चित्रपटाच्या मालकाहून वेगळा असतो. भाग यूट्यूबवरही टाकणार असाल तर दोन गोष्टींत गल्लत नको. यंत्राने आपोआप लावलेला कॉपीराइटचा दावा म्हणजे त्या भागाच्या जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जाऊ शकतात किंवा भाग काही देशांत अडू शकतो. स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून चॅनेलवर लागणारा ठपका) हे वेगळं आणि गंभीर प्रकरण, ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल जाण्याची वेळ येते. दाव्याला उत्तर देता येतं, पण कोणत्या वाक्यावर कोणती समीक्षा केली हे मिनिट-सेकंदासह लिहावं लागतं. ते टिपण भाग तयार करतानाच करून ठेवा.

मुखपृष्ठावर पोस्टर, छातीवरचं चिन्ह किंवा वटवाघूळ नको. तिथे कॉपीराइटबरोबर ट्रेडमार्कही येतो. साधं स्वतंत्र चित्र करून घ्या: चौरस, किमान १४०० आणि कमाल ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. फोनवर ते अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार आहे, तेव्हा त्यावर तीन-चार शब्दांहून जास्त मजकूर नको.

माझं स्पष्ट मत: संपूर्ण मालिका एकही क्लिप न वापरता करा. दोन निवेदकांनी संवादाचा आशय मराठीत सांगितला तर काही बिघडत नाही आणि कटकट संपते.

---

मोसमकाठी

दहा भागांत आपल्याकडचं काहीच नाही, हे खटकलं. शेवटी 'आणि भारतातही' म्हणून पाच मिनिटं देण्यापेक्षा एक पूर्ण भाग मालेगावला द्या.

'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा फैजा अहमद खान यांचा २००८चा माहितीपट. नासिर शेख आणि त्यांची मंडळी यंत्रमागांच्या गावात 'मालेगाव का सुपरमॅन' कसा बनवतात ते त्यात दिसतं. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा. उड्डाणासाठी नटाला आडवं धरून मागे हिरवा पडदा, आणि संगणकावर पार्श्वभूमी बदलायची. रीळमास्तरांनी सांगितलेल्या निळ्या पोशाखाच्या अडचणीशी हे थेट जोडता येतं. पडदा हिरवा असल्यामुळे इथे निळा पोशाख आड येत नाही. पहिला भाग आणि हा भाग समोरासमोर ठेवले तर तंत्र, पैसा आणि ३० वर्षांत स्वस्त झालेला संगणक, तिन्ही एकदम बोलता येतं. अलीकडे रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट केला. त्यातले प्रसंग आणि माहितीपटातले प्रसंग बोलताना मिसळू देऊ नका.

दुसरा दुवा मराठी डबिंगचा. २०२३चा 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर मुंबॅटन या काल्पनिक शहरात राहतो, पण पात्राचा जन्म २००४च्या भारतीय कॉमिकमधला आहे, चित्रपटाने ते घडवलेलं नाही.

१९८७चा 'मिस्टर इंडिया' घ्यायचा तर अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो, या एका नियमावर बोला. अदृश्य होण्याला मर्यादा घातली म्हणून पटकथा हलते. २०१५चा मराठी 'बाजी'ही याच भागात येईल. 'क्रिश' आणि 'रा.वन' यांच्यावर खूप बोलून झालंय, उल्लेखापुरते ठेवा.

---

अनुजा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. इंटरफेस आणि डायनॅमिक माइकचं नक्की केलं. क्लिपा बाद. मालेगावचा भाग आत.

दोन उपप्रश्न. एकाच चित्रपटाच्या इतक्या आवृत्त्या दिसतात, पाहायची कोणती? आणि ५० मिनिटांच्या भागासाठी टिपणं किती काढायची?

---

रीळमास्तर

आवृत्ती: प्रदर्शित झाली तीच प्रमाण. मागोवा घेताना त्या वेळच्या प्रेक्षकाने काय पाहिलं हे महत्त्वाचं. नंतरची आवृत्ती बोलण्यात आणायची तर तसं नाव घेऊन सांगा.

तपासायची खूण म्हणजे लांबी. १९७८चा 'सुपरमॅन' थिएटरात १४३ मिनिटांचा होता, २०००ची आवृत्ती १५१ मिनिटांची, टीव्हीसाठीची १८८. 'सुपरमॅन २' १९८०मध्ये आला तो रिचर्ड लेस्टर यांच्या नावाने. पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांना मधेच बाजूला केलं होतं, त्यांची आवृत्ती २००६मध्ये आली आणि तिचा शेवट वेगळा आहे. 'जस्टिस लीग' २०१७चा दोन तासांचा, २०२१चा चार तासांचा. हे दोन वेगळेच चित्रपट समजा. 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स'च्या तर थिएटरात चालू असतानाच एकाहून जास्त आवृत्त्या फिरत होत्या, तेव्हा त्यातल्या एखाद्या संवादावर पैज लावू नका. भारतात सेन्सॉरची कात्रीही लक्षात घ्या. २०२५च्या 'सुपरमॅन'मधलं चुंबनदृश्य इथे ३३ सेकंदांनी कापलं गेलं. परदेशातला पाहुणा आणि तुम्ही वेगळं पाहिलेलं असू शकतं.

टिपणं: पहिल्यांदा न थांबता पाहा, वही बंद. दुसऱ्यांदा थांबत, तीन रकाने: वेळ, काय दिसलं, का केलं असेल. तिसरा रकाना रिकामा राहिलेल्या नोंदी खोडून टाका. मग उरलेल्यांतल्या पाच किंवा सहा मुद्द्यांवर भाग बांधा. बोलण्याचा वेग मिनिटाला १२० ते १३० शब्द धरला तर ५० मिनिटांत सहा-साडेसहा हजार शब्द होतात. एका मुद्द्याला आठ मिनिटं मिळाली तरच तो खुलतो. १२ मुद्दे घेतलेत तर प्रत्येकाला चार मिनिटं, आणि त्यातलं एक 'आठवतंय का तुला' मध्ये जातं.

कथानक सांगण्यात दीड मिनिटाहून जास्त घालवू नका. पडद्यामागच्या प्रत्येक दाव्याला दोन स्वतंत्र आधार हवेत. एकाच मुलाखतीची दहा संकेतस्थळांवर उतरलेली नक्कल हा एकच आधार.

'द डार्क नाइट'च्या भागात आवाजाचा मुद्दा घ्या, ध्वनीच्या माध्यमाला तो शोभेल. त्यातली साधारण २८ मिनिटं आयमॅक्स (मोठ्या आकाराच्या फिल्मच्या) कॅमेऱ्यावर घेतली आहेत. तो कॅमेरा इतका खडखडतो की त्या दृश्यांतले संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात.

---

गोधडी_स्टुडिओ

टिपणांचे कागद टेबलावर उलटू नका, माइकमध्ये खरखर येते. टॅबलेटवर ठेवा किंवा सुटी पानं एका ओळीत पसरून ठेवा. आणि टेबलावर बोटं वाजवायची सवय असेल तर माइकचा स्टँड टेबलाला न लावता जमिनीवर उभा करा.

---

अनुजा_ठाणे

एक राहिलं. चित्रपटांचं संगीत नको हे कळलं. मग सुरुवातीच्या धूनचं काय करायचं?

---

कलम_बावन्न

स्वतःची करून घ्या. ढोलकी किंवा गिटार वाजवणारं ओळखीचं कुणी असेल तर आठ-दहा सेकंद पुरतात. फक्त प्रसिद्ध थीमच्या चालीवर 'तसंच काहीतरी' वाजवायला सांगू नका. वाद्य बदललं तरी चाल मूळ मालकाचीच राहते. वादकाकडून लेखी परवानगी घ्या, ईमेलही चालेल. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: किती भागांसाठी, कोणकोणत्या मंचांवर, आणि पुढे जाहिराती आल्या तर त्याची हरकत आहे का. 'मोफत संगीत' म्हणून उतरवून घेणार असाल तर परवान्याचं पान त्या तारखेसह पीडीएफ करून ठेवा, काही संकेतस्थळं अटी नंतर बदलतात.

पु.ले.शु.च्या (पुढील लेखनास शुभेच्छा) चालीवर पु.भा.शु. (पुढील भागांस शुभेच्छा).